सात पाण्यांची माती

मंगळवारी सकाळी बेबीबाई शेणाची पाटी डोक्यावर घेऊन डबरीवर, मासोळीच्या लहान तळ्यावर, आली, तर पाण्यावर मोराची मान पसरलेली. निळा रंग, त्यात जांभळा, जांभळ्यात हिरवा. वारा हलला की रंग हलत, वारा थांबला की तेही थांबत. इतकं देखणं पाणी तिनं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. आणि त्या पाण्याच्या मधोमध नवऱ्याचा, तुलारामचा मासेमारीचा लाकडी डोंगा, आत दगड घालून कडेपर्यंत बुडवलेला.

वास आधी नाकात गेला, मग डोक्यात. साकोलीच्या गॅरेजपुढून जाताना येतो, तो जळक्या ऑइलचा वास.

"अवो, आयकता का जी!" तिनं पाटीसकटच हाक मारली. "हा डोंगा अती कोनं बुडवला?"

तुलाराम घरामागून दात घासत आला. पाण्याकडे बघून त्याचा हात तोंडातच थांबला.

मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरी डोंग्याचे दिवस ठरलेले असतात. उन्हाळाभर काठाच्या पाळीवर पालथा पडून लाकूड आटतं, बारीक बारीक भेगा उकलतात. मग पावसाळ्याच्या तोंडाशी डोंगा तलावाच्या कोपऱ्यात दोन दिवस बुडवून ठेवायचा. लाकूड पोटभर पाणी पितं, फुगतं, भेगा आपसूक मिटतात. मग वर काढून वाळवायचा, आणि सगळ्यात शेवटी बुडाला डांबर अन् जळकं ऑइल फासायचं. तुलारामच्या बापानं असंच केलं, आज्यानंही. या साली मात्र पाऊस दोनदा येऊन गेला आणि तिसऱ्यांदा रुसला. तलावाचं पाणी दूर सरकलं, काठाला मांडीभर गाळ. रिकाम्या हातांना काम हवं म्हणून तुलारामनं ऑइल आधीच फासून टाकलं. मग भेगा दिसल्या. मग घराजवळची डबरी दिसली.

"दोन राती तं ठेवाचा होता," तो म्हणाला. "उन्हानं सुकला असन म्हनलं."

"जिऱ्याच्या डबरीत?"

डबरी मच्छीमार सोसायटीची होती, पण सहा वर्षांपासून बेबीबाईच्या हाताखालची. दर पावसाळ्यात मत्स्यजिऱ्याच्या पिशव्या यायच्या, डोळ्यांना धड दिसू नयेत इतकी बारीक पिल्लं. ती इथं शेणाच्या, कोंड्याच्या पाण्यात वाढवायची, बोटाएवढी झाली की मोठ्या तलावात सोडायची. गावच्या तीस घरांची वर्षाची मासोळी आधी बेबीबाईच्या हातून जायची. यंदाची गाडी पुढच्या गुरुवारी होती. मधे नऊ दिवस.

तिनं पाटी खाली ठेवली, पदर खोचला.

"उभे काय राह्यले? डोंगा काढा पह्यले. अना तनस आना घरची."

तीन दिवस दोघं पाण्यात होती. धानाच्या तणशीचे जाड दोर वळायचे, पाण्यावरून ओढत काठाला आणायचे, काळे-चिकट झाले की बाजूला टाकायचे, नवे वळायचे. तणस तेल पीत होती, पण पाणीही पीत होती. ओला दोर ओढताना तुलारामच्या खांद्याची कातडी सोलली. मंगळवारपासून तो बोलतच नव्हता. ताट पुढे आलं की जेवायचा, नाही आलं की नाही.

शुक्रवारी सकाळी रंग गेला, पण वास राहिला. बेबीबाईनं घागरीत डबरीचं पाणी घेतलं, तलावातल्या दहा बारक्या मासोळ्या त्यात सोडल्या. दुपारी पाहिलं तर दहाही पोटं वर.

त्याच दुपारी सोसायटीचा सेक्रेटरी कैलाश मोटारसायकलवर आला. ओंजळभर पाणी घेऊन त्यानं हुंगलं.

"वा भाऊ! मासे तळाले तेल नाई लागनार आता. जिवंतपनीच फोडणी बसली."

तुलाराम पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला.

"पानी सोडून देऊ म्हनतो," बेबीबाई म्हणाली. "नवं भरू."

"कोठून भरान, वयनी? आभायाले इचारलं का?"

आणि पाणी सोडणंही हातात नव्हतंच. डबरीच्या खाली देवाजीची बांधी होती. बांधीत त्याचे धानाचे पऱ्हे, कोवळी रोपं, रोवण्यासाठी वाट बघत पिवळे पडू लागलेले. बातमी कानावर जाताच तो छत्री घेऊन पाळीवर येऊन बसला होता. सत्तरीचा म्हातारा, पण बसला म्हणजे बसला.

"पाळ फोडशीन तं ते तेल माह्या पऱ्ह्यात येईन, तुलाराम. सांगून ठेवतो."

"नाई फोडत जी."

"मी उठतच नाई अठून."

"डबा पाठवू का, देवाजीभाऊ?" कैलाश म्हणाला.

"तुह्या घरचा नोको. तिखट राह्यते."

कैलाश हसला, पण जाताना हसू पुसून बोलला. गुरुवारी सकाळपर्यंत या पाण्यात मासोळी जगली पाहिजे. नाही तर जिऱ्याच्या पिशव्या एकोडीच्या नर्सरीत उतरतील, आणि पुढल्या सालापासून डबरी दुसऱ्या कोणाकडे. "माह्या एकट्याचं नाई हे, वयनी. तीस घरं हायेत." ते खरं होतं, म्हणून जास्त लागलं.

संध्याकाळच्या बसनं लेक ज्योत्सना आली. ती भंडाऱ्याला एम. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. बॅग दारात ठेवून ती आधी डबरीवर गेली. वाकून वास घेतला, बाटलीत पाणी भरून उजेडात धरलं.

"माय, अती कन्हार माती कोठी भेटन?"

बेबीबाईला हसू फुटलं. तीन दिवसांतलं पहिलं.

"इतकं शिकून माती इचारते वं? लहानपनी खाल्ली तेवढी पुरली नाई का?"

"खरंच इचारून राहिली. काळी, चिकट पाह्यजे. सुकली का फाटनारी."

तुलारामनं मान वर केली. "देवाजीच्या खालच्या बांधीत," तो म्हणाला. "पाय जाईन इतक्या भेगा पडते तिले."

रात्री जेवताना ज्योत्सनानं सांगितलं. कॉलेजात तिचं काम मातीवरच चाललं होतं. "आपली कन्हार पान्याची सोयरी हाये, माय. पानी आलं का फुगते, पोटात घेते. तेलाले मातर दारात उभं करत नाई. पन एक औषध हाये, ते मातीले पाजलं का तिचा सभाव फिरते. मंग ते पान्याकडे पाह्यत नाई. पान्यात इरघळलेलं तेल धरते, अना सोडत नाई."

"लग्न झालेल्या पोरीवानी," बेबीबाई म्हणाली. "माहेर इसरली, सासर धरलं."

"मी नाई इसरनार."

"पाहू ना बाप्पा. औषध कोठून आनशीन?"

"सोसायटीतच असन. बीकेसी."

बीकेसीची, त्या जंतुनाशकाची, कॅन होतीच. टाक्या आणि जाळी धुवायला, मासोळ्यांना रोग पडला तर थेंब थेंब पाण्यात टाकायला सोसायटी ती आणून ठेवायची. शनिवारी सकाळी कैलाशनं कुलूप काढलं, कॅन ज्योत्सनाच्या हातात दिली, पण सोडली नाही.

"पोरी, हे जास्त झालं तं मासोळीच मरते. ठावं हाये ना?"

"ठावं हाये, काका."

"मेली तं तुह्या नावावर."

मातीसाठी तुलारामला देवाजीपुढे जावं लागलं. म्हातारा अजून छत्रीखालीच होता. तुलाराम हात बांधून उभा राहिला.

"बोल ना गा. मुक्यानं कायले आला?"

"माती पाह्यजे होती जी. कन्हार. चार घमेले."

"पानी माह्या बांधीत सोडू नोको म्हनलं, तं आता बांधीच घेऊन जातो?" देवाजीनं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. सोललेल्या खांद्यावर नजर थांबली. "धुऱ्याच्या कोन्यातली घे. अना गड्डा भरून देजो. माहा बैल पाय मोडन त्यात."

माती भिजवली, जुन्या लुगड्यातून गाळली. खडे, मुळ्या वर राहिल्या. खाली उतरली ती मऊ, काळी, सायीसारखी. हातांना पॉलिथिनच्या पिशव्या बांधून ज्योत्सनानं औषध ओतलं. तुलारामनं काठीनं ढवळायला घेतलं. घटकाभरानं बेबीबाई ओरडली, "अवो, दूध नासलं जसं!" खरंच, माती नासल्या दुधासारखी फुटली होती. काळे गोळे खाली बसले, वर निवळ पाणी.

आता प्रश्न होता तिला पाण्यापुढे ठेवायची कशी. नुसता चिखल ड्रममध्ये भरला तर पाणी त्यातून जाणारच नाही. ज्योत्सना वही उघडून बसली. बेबीबाईनं वहीकडे एकदा पाहिलं आणि घरात जाऊन कुरडयांचा सोऱ्या घेऊन आली.

रविवारी उन्हात दोन खाटा मांडल्या आणि मायलेकी मातीच्या कुरडया पाडत बसल्या. सोऱ्या फिरवताना बेबीबाईचा दंड थरथरत होता. शेजारची शकुनबाई कुंपणावरून वाकली.

"पावने येनार हायेत का वं बेबी? मातीच्या कुरडया करून राहिली?"

"ये ना, तुह्यासाठीच तळतो."

"नवऱ्यानं तेल तं आधीच आनून ठेवलं म्हना."

बेबीबाई हसली नाही. मग शकुनबाईनं जीभ चावली आणि फाटक उघडून आत आली. दुसऱ्या खाटेवर हात चालवू लागली.

संध्याकाळी ज्योत्सनानं वाटीत पाणी घेतलं. एका बाजूला साध्या कन्हार मातीचा वाळका तुकडा टाकला, दुसऱ्या बाजूला नव्या मातीचा. साधा तुकडा फुगला, सुटला, चिखल झाला. नवा तसाच राहिला. पाणी त्याच्या अंगाला लागून परत फिरत होतं. तुलाराम उकिडवा बसून ती वाटी दिवेलागणीपर्यंत पाहत होता.

सोमवारी दोन ड्रम लागले. तळाला गिट्टी, वर रेती, रेतीवर मातीच्या चुरडलेल्या कुरडया. छोट्या मोटारीनं डबरीचं पाणी वर चढायचं आणि तोटीतून बारीक धारेनं बाहेर पडायचं. पहिलं पाणी डबरीत नको, आधी पारखू, म्हणून ज्योत्सनानं ते वेगळ्या टाकीत घेतलं. बेबीबाईनं ओंजळ भरून हुंगली. पुन्हा हुंगली. देवाजीला दिली. तोही हुंगून म्हणाला, "पान्याचा वास येऊन राहिला गा."

तेलाचा वास नव्हता. त्या रात्री तुलारामनं स्वतःहून दुसरी भाकर मागितली.

मंगळवारी पहाटे टाकीत सोडलेल्या दहाही मासोळ्या मेलेल्या होत्या. पाण्याच्या कडेला, भांडं घासल्यावर राहतो तसा पांढरा फेस.

ज्योत्सनानं फेस बोटावर घेऊन पाहिला आणि ती तिथंच खाली बसली. "औषध," ती म्हणाली. "मातीले लागलं नाई तेवढं औषध तसंच राह्यलं अंदर. धुवाले पाह्यजे होती. वहीत लिवलं हाये, बाबा, वाळवाच्या आधी धुवाची. दिवस कमी म्हनून मी म्हनलं, मंग धुऊ..." तिला रडू आवरेना. कैलाशकाकाला काय सांगायचं, सरांना काय सांगायचं, ती काय काय बोलत राहिली.

तुलाराम तिच्याजवळ येऊन बसला. आठ दिवसांत तो इतका कधी बोलला नव्हता.

"मी फुगवाच्या आधी तेल लावलं," तो म्हणाला. "तू धुवाच्या आधी वाळवलं. बापाचीच पोर होस तू. ऊठ. वाळलेली बी धुता येते ना?"

"येते."

"मंग?"

ड्रम उपसले. मातीचा चुरा घमेल्यांत काढला, हातपंपाचं पाणी, हलकं हलवणं, निथळणं. देवाजी छत्रीखालून ओरडला, "हे धुन्याचं पानी कोठी चाललं?" त्याच्यासाठी, आणि ज्योत्सनालाही तेच हवं होतं म्हणून, तुलारामनं दूर बरडावर खड्डा खणला, तळाला कच्च्या कन्हार मातीचा जाड लेप दिला. ती माती राहिलेलं औषध आपल्या पोटात घेईल, असं ज्योत्सना म्हणाली. देवाजी स्वतः जाऊन लेप बोटानं दाबून पाहून आला.

पहिल्या पाण्याला फेस घमेल्याबाहेर आला. दुसऱ्याला काठोकाठ. बेबीबाईची कंबर धरली, शकुनबाईचे पाय सुजले, पण हात चालत राहिले, आणि हात चालले की बाईच्या तोंडाला गाणं येतंच. रोवण्याच्या चालीवर शकुनबाईनं सुरुवात केली, बेबीबाईनं पुढचं जोडलं:

*पह्यलं पानी बाई फेसाचं फेसाचं,*
*काळ्या कन्हाराच्या वं मोकळ्या केसाचं.*
*दुसरं पानी बाई रुसलं रुसलं,*
*कन्हाराच्या पोटी वं कायी ना दिसलं.*

तिसऱ्या, चौथ्या पाण्याचं गाणं सापडलं, पाचव्याला अडलं. सहाव्याला कोणीच गात नव्हतं, नुसतं धापा टाकणं. प्रत्येक पाण्यानंतर ज्योत्सना बाटली भरायची, जोरानं हलवायची, उजेडात धरायची. सातव्या पाण्याला बाटलीत नुसतं पाणी हललं. वर एक बुडबुडा आला, तोही फुटला.

"धुतली," ती म्हणाली. "आता धुतली."

दुपारी मोटार पुन्हा सुरू झाली. पहिल्या घागरीत मासोळ्या सोडल्या, संध्याकाळी त्या फिरत होत्या. मग ज्योत्सनानं तोटी डबरीकडे वळवली. एकीकडून पाणी चढत होतं, दुसरीकडून उतरत होतं. डबरी आधीच आटून खोलीएवढी झाली होती, तेवढंच बरं.

बुधवारी सकाळी विजेची लाइन गेली. कधी येईल ते कोणी सांगेना. तुलारामनं आड्यावरची कावड काढली, दोन डबे लावले. डबरीतून भरायचे, पाळ चढायची, ड्रममध्ये ओतायचे, उतरायचं. सोललेला खांदा सोडून दुसऱ्या खांद्यावर. दुसराही सोलला, मग पुन्हा पहिल्यावर. दुपारी तीनला लाइन आली तरी त्यानं कावड ठेवली नाही. मोटार आपलं काम करत होती, तो आपलं.

"बसा ना जी घडीभर," बेबीबाई म्हणाली.

"बसलो का आठवते."

तिनं मोहाच्या तेलाचा हात त्याच्या खांद्यावरून फिरवला आणि त्याला जाऊ दिलं. सूर्य कलताना तिनं डबरीतलंच पाणी घागरीत घेतलं, नव्या दहा मासोळ्या सोडल्या आणि घागर उशापाशी ठेवून झोपली.

गुरुवारी दहाच्या सुमाराला गाडी आली. मागे हवा भरलेल्या फुगीर पिशव्या, प्रत्येक पिशवीत धूसर पाणी, आणि त्या पाण्यात नुसती हालचाल. कैलाश पुढे बसून आला होता. बेबीबाईनं घागर पुढे केली. त्यानं मोजल्या. दहा. त्यानं घागर हुंगली, मग डबरी हुंगली, मग ज्योत्सनाकडे पाहिलं.

"तेल धरलेल्या मातीचं काय करनार?"

"पोत्यात बांधून ठेवली. सर घेऊन जातीन. शेतात नाई टाकाची."

"मासोळी हे घट्टी असते," तो घागरीकडे बोट दाखवून म्हणाला. "जिरा नाजूक. पह्यले एकच पिशवी सोडा. बाकीच्या गाडीतच."

बेबीबाई मांडीभर पाण्यात उतरली. बंद पिशवी तिनं पाण्यावर तरंगत ठेवली, आतलं आणि बाहेरचं पाणी एका ऊबेला यावं म्हणून. बराच वेळ ती तशीच उभी राहिली, बाळाला झोपवताना ठेवावा तसा पिशवीवर हात ठेवून. मग तोंड सोडलं. डबरीचं थोडं पाणी आत घेतलं. थांबली. मग पिशवी हळूच तिरकी केली.

जिरा धुरासारखा बाहेर आला. पाण्याच्या वरच्या थरात क्षणभर राखाडी ढग झाला आणि थरथरत राहिला.

शकुनबाईनं ज्योत्सनाचं मनगट धरलं होतं. तुलाराम पाण्याकडे पाठ करून, गाडीच्या चाकाकडे बघत उभा होता. देवाजी छत्री मिटून, पाळीवरून उतरून अगदी कडेला आला होता. वाकून, डोळ्यांवर हात धरून पाहत होता.

"कोठी गेले गा?" तो म्हणाला. "एकबी दिसत नाई. मेले का काय?"

बेबीबाई पाण्याकडेच बघत होती. ढग विरला होता. पाण्यावर काहीच नव्हतं. एक पिल्लू नाही, एक पांढरा ठिपका नाही.

"मरनारा वरतं येते, देवाजीभाऊ," ती म्हणाली. "दम घ्याले. जगनारा खाली जाते."

"मंजे?"

"मंजे सारे खाली गेले."

कैलाशनं घड्याळ पाहिलं. पाव तास थांबला. पाण्यावर काही आलं नाही. मग तो गाडीवाल्याकडे वळून ओरडला, "उतरवा गा बाकीच्या!"

तुलाराम अजून पाठमोराच होता. "दिसून राहिले का?" त्यानं विचारलं.

"नाई."

"एकबी?"

"एकबी नाई जी. पाहा तं खरं."

तो वळला. काठावर आला, पाण्यावरून एकदा नजर फिरवली, या कडेपासून त्या कडेपर्यंत. मग तसाच मातीत बसला आणि त्या रिकाम्या पाण्याकडे बघत हसू लागला. हसताना दोन्ही खांदे हलत होते, आणि खांदे हलले की दुखत होते, तरी तो थांबेना.

"उठा आता," बेबीबाई पाण्यातून म्हणाली. "दुसरी पिशवी कोन देईन?"